कंदील वाऱ्यात टिकला पाहिजे

दिवाळीच्या आधी आपल्या बऱ्याच गटांत आकाशकंदील बनतात. सांगाडा कसा बांधायचा, करंज्या कशा चिकटवायच्या, झिरमिळ्या किती ठेवायच्या, हे तुमच्यातल्या जुन्याजाणत्या बायांना कोणी शिकवायची गरज नाही. या वेळचा पाठ त्याच्या पुढचा आहे. कंदील विकला, गिऱ्हाइकाने नेला, दाराशी टांगला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी वारा सुटला. मग काय होतं?

आधी पैशाचं बघू. समजा, गटाने १०० कंदील केले. सामान प्रत्येकी ७० रुपये, विक्री १८० रुपये. सगळे गेले तर १८,००० रुपये आले, त्यातले ७,००० सामानाचे, आणि मजुरी व नफा मिळून ११,००० उरले. आता यातले २० कंदील फाटून परत आले आणि पैसे परत द्यावे लागले, तर ३,६०० रुपये गेले. हातात ७,४०० राहिले. सामानासाठी अंतर्गत कर्ज उचललेलं असेल तर त्याचा हप्ता दिवाळी झाली की दारात उभाच. याउलट जास्तीची दोरी, दोन कामट्या आणि एक कडी असं प्रत्येक कंदिलावर १२ रुपये वाढवले, तर १०० कंदिलांना १,२०० रुपये लागतात. हिशोब तुम्हीच करा. शिवाय जी वहिनी फाटका कंदील घेऊन परत आली, ती पुढच्या वर्षी तुमच्याकडून घेईल का, हे कोणत्याच वहीत लिहिता येत नाही.

वारा किती जोर लावतो?

ऑक्टोबरमध्ये बातम्यांत आपण ऐकतो, "विजांच्या कडकडाटासह ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाने वारे वाहतील." हा परतीचा पाऊस. दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दिवाळी लवकर आली की कंदील या वळवासारख्या पावसात सापडण्याची भीती जास्त. आणि बऱ्याच घरी कंदील भाऊबीजेला उतरत नाही, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत लटकत असतो.

वाऱ्याचा एक नियम ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दीड फूट लांब, दीड फूट रुंद कंदील घ्या. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर साधारण ३०० ग्रॅमचा दाब येतो. तेवढ्यात तो नुसता डोलतो, छान दिसतो. ३६ किलोमीटरला हाच दाब सव्वा किलोच्या पुढे जातो. ७२ किलोमीटरला पाच किलो. आपला कागदी कंदील स्वतः किती भरतो? पाव किलोसुद्धा नाही. म्हणजे त्याच्या वजनाच्या पाचपट ओढ त्याला एका दोरीवर सोसायची असते, आणि तीही एकसारखी नाही, झटक्याझटक्याने.

म्हणून आमच्या मते कंदिलाची परीक्षा विकण्याआधीच घ्यावी. एक नमुना पूर्ण तयार करा, टांगा, आणि त्याच्या सांगाड्याच्या खालच्या कड्याला दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली बांधून रात्रभर ठेवा. दोन लिटर म्हणजे दोन किलो. सकाळी गाठी सरकल्या नसतील, सांगाडा वाकडा झाला नसेल, तर ३६ किलोमीटरचा वारा तो सोसेल. नंतर उंच पंख्यासमोर दहा मिनिटं टांगून बघा, कागद कुठे फडफडतो ते लगेच दिसतं. जिथे फडफडतो तिथेच फाटतो.

सांगाडा

चार कामट्यांचा चौकोन बांधा आणि एका कोपऱ्याला बोटाने ढकला. तो लगेच तिरका होतो, गाठ कितीही घट्ट असू द्या. आता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एक तिरकी काडी बांधा आणि पुन्हा ढकला. हलत नाही. चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही. घराच्या छपराला कैचीत तिरके वासे असतात ते याचसाठी. कंदिलाच्या प्रत्येक चौकोनात तिरकी काडी घातली तर उजेडात तिची सावली दिसते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्यापेक्षा वरच्या आणि खालच्या चौकोनात घाला, तिथे कुणाची नजर जात नाही. बाजूच्या चौकोनांत काडीऐवजी जाड दोरा तिरका ताणून बांधला तरी चालतो, पण दोन्ही तिरप्यांना बांधा, कारण दोरा ओढ सोसतो, दाब सोसत नाही.

कामटी तासताना बांबूची हिरवी पाठ सगळी काढून टाकू नका. बांबूचा खरा दम त्या बाहेरच्या भागातच असतो, आतला पांढरा भाग भुसभुशीत. कोवळा बांबू स्वस्त मिळतो, पण त्याला भुंगा लवकर लागतो.

सांधे दोऱ्याने बांधायचे आणि मग गाठीवर गोंद लावायचा. नुसत्या ग्लू गनच्या गोंदावर सांगाडा उभा करू नका. ग्लू गन झटपट काम करते, मान्य आहे, पण तो गोंद उष्णतेने वितळूनच लागतो आणि उष्णतेनेच मऊ पडतो. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली टांगलेल्या कंदिलाचे सांधे दुपारी सैल होतात आणि संध्याकाळी वारा येतो. सजावटीची टिकली चिकटवायला ती ठीक आहे, सांध्याला नाही.

हवेला वाट

कंदील वरून आणि खालून उघडाच ठेवायचा. बल्बची उष्णता वरून बाहेर जाते आणि वाऱ्याचा फुगाही होत नाही. काही जणी खालचा भाग सुंदर दिसावा म्हणून कागदाने बंद करतात. तो कंदील वाऱ्यात पाल चढवल्यासारखा फुगतो. झिरमिळ्यासुद्धा रुंद पट्ट्यांच्या न करता बोटभर रुंदीच्या करा, म्हणजे वारा त्यांच्या मधून निघून जातो. चार-चार फुटांच्या झिरमिळ्यांचं मला काही कौतुक नाही. त्या एकमेकींत गुंततात, वायरीला विळखा घालतात आणि सांगाड्याला खाली ओढतात. दीड-दोन फूट पुष्कळ झालं.

कागदाऐवजी कापड लावत असाल तर जुनी जॉर्जेटची साडी उत्तम. तिच्यातून थोडी हवा जाते आणि ती भिजली तरी लवकर वाळते. सुती खण दिसायला देखणा, पण भिजला की पाणी पितो आणि जड होतो. ज्या कंदिलांना खणाचं कापड आहे ते पडवीत टांगावेत, असं गिऱ्हाइकाला सांगूनच द्या.

टांगणं

निम्मे कंदील बनवण्यातल्या दोषाने फाटत नाहीत, टांगण्यामुळे फाटतात. एकाच खिळ्याला, एकाच दोरीने मधोमध टांगलेला कंदील वाऱ्यात गरागरा फिरतो. दोरीला पीळ बसतो, बरोबर वायरही पिळते, आणि पीळ उलटा सुटताना हिसका बसतो.

वरच्या चौकोनाच्या किमान तीन कोपऱ्यांना दोऱ्या बांधून त्या वीतभर वर एका कडीत आणा. ती कडी आणि वरची दोरी यांच्यामध्ये भोवरकडी घाला. गुरांच्या साखळीत असते तीच, फक्त लहान. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात अगदी छोट्या मिळतात. भोवरकडीमुळे कंदील फिरला तरी दोरीला पीळ बसत नाही. वायरीला मात्र भोवरकडी नसते. म्हणून कंदील फार फिरू नये यासाठी सांगाड्याच्या खालच्या चौकोनापासून एक दोरी बाजूच्या खांबाला किंवा गजाला बांधा. ती ताणून बांधायची नाही, हातभर सैल सोडायची. कंदील डोलला पाहिजे, पण भिंतीवर आदळता कामा नये. गाईला दावं बांधतो तेवढीच मोकळीक.

खालच्या कड्याला मूठभर वाळूची पुरचुंडी कापडात शिवून बांधली की डोलणं बरंच कमी होतं. दगड बांधू नका. खालून मुलं जातात.

जागेचंही बघा. घराच्या कोपऱ्यावर आणि दोन घरांमधल्या बोळाच्या तोंडाशी वारा जास्त जोराने येतो. गच्चीवरच्या काठीला लावला तर विचारूच नका. पडवीच्या आत दोन हात सरकवून लावला तर तोच कंदील दुप्पट टिकेल. हे सगळं गिऱ्हाइकाला तोंडी सांगितलं तर घरी जाईपर्यंत विसरतं. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून कंदिलाला बांधून द्या.

वायर

इथे मात्र हयगय नको. बल्बची वायर ही कंदील टांगायची दोरी नव्हे. कंदिलाचं वजन आणि वाऱ्याची ओढ दोरीवर, आणि वायर दोरीपेक्षा थोडी लांब, सैल. तसं नसेल तर प्रत्येक झटक्याला होल्डरमधले स्क्रू ओढले जातात, एक तार सुटते, आणि ओल्या कंदिलात ठिणगी पडते किंवा लोखंडी गजात करंट उतरतो. लहान मूल त्या गजाला धरून उभं असतं, तेव्हा कंदील कितीला विकला होता याला काही अर्थ राहत नाही.

वायर कंदिलात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या आणि मग वर नेऊन आत घ्या. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, ते झोळाच्या तळाशी गळून पडतं, होल्डरपर्यंत पोचत नाही. वायरीचा जोड बाहेर उघड्यावर ठेवू नका, तो घराच्या आतच असू द्या. बल्ब एलईडीचाच लावा. ९ वॅटचा एलईडी जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड देतो आणि कंदिलाला तर ५ वॅटही भरपूर होतो. जुना पिवळा बल्ब फार तापतो. वाऱ्याने कागद त्याला टेकला की करपतो, आणि जॉर्जेट तर वितळून चिकटतं.

दुरुस्तीला आलेला कंदील

आता पाठाचा मुख्य भाग. फाटका कंदील आला की पहिल्यांदा बल्ब काढून ठेवा, मग कंदील उन्हात वाळवा. ओल्या कागदावर ठिगळ बसत नाही, आणि ओल्या कामटीची गाठ वाळल्यावर सैल होते.

कागदाची फाट बघा. ती जिथे संपते त्या टोकावर सगळा ताण येतो, म्हणून फाट रोज पुढे पळते. त्या टोकाला रिफिलच्या पाठीने किंवा पंचने छोटंसं गोल भोक पाडा. फाट तिथेच थांबते. मग त्याच रंगाच्या कागदाचं ठिगळ आतल्या बाजूने लावा. ठिगळ फाटीपेक्षा चारी बाजूंनी एक बोट मोठं हवं आणि त्याचे कोपरे गोल कापलेले हवेत. टोकदार कोपरा आधी सुटतो. चौकोनाचा अर्ध्याहून जास्त कागद गेला असेल तर ठिगळाच्या नादी लागू नका, तेवढा चौकोन नवीन मढवा. वेळ वाचतो आणि दिसतोही बरा.

मढवताना कागद फार ताणू नका. खळ वाळताना पतंगी कागद आपोआप आक्रसतो. आधीच ताणला असेल तर पहिल्याच झटक्याला फाटेल.

खळ मैद्याची किंवा गव्हाच्या पिठाची. गार पाण्यात पीठ आधी गुठळ्या मोडून कालवायचं, मग मंद आचेवर काचेसारखी झाक येईपर्यंत ढवळायचं. किडे आणि झुरळं लागू नयेत म्हणून जुन्या बाया त्यात चिमूटभर मोरचूद घालतात. ते विष आहे. त्याचं भांडं वेगळं ठेवा, चमचाही वेगळा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय मुलाला घास भरवू नका. पांढरा डिंक वापरत असाल तर साधा डिंक पावसात पुन्हा मऊ होतो. पाण्याला टिकणारा प्रकार वेगळा असतो, तो दुकानात विचारून घ्या.

कामटी मोडली असेल तर पूर्ण सांगाडा खोलायची गरज नाही. मोडलेल्या हाताला जशा दोन्ही बाजूंनी कामट्या बांधतात, तसंच करायचं. मोडलेल्या जागेच्या दोन्हीकडे चार-चार बोटं पुढे जाईल अशी बारीक कामटी शेजारी ठेवा, दोरा जवळजवळ गुंडाळा, वरून डिंक लावा. सांध्यापाशीच मोडली असेल तर मात्र ती कामटी बदलावी, तिथे जोड टिकत नाही.

कापड फाटलं असेल तर ते रफू करण्यापेक्षा साडीचा जुना काठ वरून शिवून टाका. गिऱ्हाइकाला ती नक्षी वाटते. इथे थोडी लबाडी चालते!

प्रत्येक दुरुस्तीची वहीत एक ओळ लिहा, कंदील कुठे फाटला आणि कुठे टांगला होता. वीस ओळी झाल्या की तुम्हालाच कळेल की दोष खालच्या कागदात आहे, गाठीत आहे की दोरीत. मासिक सभेत ती वही उघडून बसा. कुणी केलेला कंदील फाटला याची चर्चा तिथे नको, कुठे फाटला याची करा. नाहीतर पुढच्या वेळी कोणी खरं लिहिणार नाही.

थर्माकोल आणि फोम शीट

दुरुस्तीला लोक थर्माकोलचे जुने कंदील, मखरं, फुलांच्या कमानीही घेऊन येतात. थर्माकोल हलका, म्हणून वाऱ्यात आधी उडतो. एकदा तुकडा पडला की कडेचे दाणे गळत राहतात, गटारात जातात, गुरांच्या पोटात जातात. रबराच्या वासाचा उग्र चिकटवणारा पदार्थ लावला तर तो थर्माकोलला अक्षरशः खातो, खड्डा पडतो. स्प्रेचा रंगही तसाच. पण खरी गोष्ट कायद्याची आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि १ जुलै २०२२ पासून ती देशभर लागू झाली. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड आहे, दुसऱ्या वेळी १०,०००. वर केलेला हिशोब आठवा, एका दंडात किती कंदिलांची कमाई जाते ते दिसेल. म्हणून नवीन करू नका, विकू नका, दुकानदाराने "ताई, जुना माल आहे, स्वस्तात देतो" म्हटलं तरी घेऊ नका. तुटलेला चुलीत तर मुळीच घालू नका, त्याचा धूर घातक असतो.

फोम शीट हे थर्माकोल नव्हे. ते मऊ, वाकणारं, रंगीत पान असतं. त्याची फुलं आणि तोरणं आपल्याकडे आता बरीच होतात. फोमचं फूल एका टाक्यावर लटकवलं की वाऱ्यात तो टाका पान चिरत जातो. बारीक बारीक टाके घातले तर आणखी वाईट, तिकिटाच्या भोकांसारखी ओळ तयार होते आणि तिथूनच फाटतं. मागे कापडाचा रुपयाएवढा तुकडा ठेवून दोन-तीन लांब टाके घाला, आणि फूल नाडीला एका जागी न अडकवता दोन जागी अडकवा. दोन फुलांत दोन बोटं अंतर सोडा. फाटलेलं पान असेल तर मागून कापडाची पट्टी चिकटवा. फोम शीटला रबरी चिकटवणारा पदार्थ चालतो. तो दोन्ही बाजूंना लावून थोडा सुकू द्यायचा आणि मग दाबायचं, आणि हे काम उघड्या हवेत करायचं. फोम शीट कुजत नाही हे मात्र विसरू नका. तेच तोरण चार वर्षं दुरुस्त करून वापरलं तर ठीक.

परत आलेल्या गिऱ्हाइकाशी

"काय हो, दोनच दिवसांत फाटला की!" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. "आणा वहिनी, बघून देते" एवढंच म्हणा. आठ दिवसांत फाटला तर दुरुस्ती फुकट, नंतर ३० रुपये, असं सगळ्या गटाने आधी ठरवून चिठ्ठीवर लिहिलेलं असावं. दुरुस्तीला सामान थोडं लागतं, पण वेळ जातो, आणि आपल्या वेळेला किंमत आहे.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर

कंदील उतरवताना कागद काढून टाका. उंदरांना खळ फार आवडते, कागद ठेवला तर कागदाबरोबर दोराही कुरतडून ठेवतात. सांगाडा दोन उन्हं दाखवून माळ्यावर खिळ्याला उंच टांगा, त्याच्यावर गाठोडी रचू नका. भोवरकडीला तेलाचा थेंब लावून डब्यात ठेवा. बल्ब-होल्डर वेगळा. आणि सांगाड्याला एक चिठ्ठी बांधा, कोणत्या वर्षी बनवला आणि कोणती कामटी बदलली. गिऱ्हाइकाने सांगाडा परत आणून दिला तर पुढच्या वर्षी नुसतं मढवून द्यायचे किती घ्यायचे, हे श्रावणातल्या सभेतच ठरवून घ्या, कारण नवरात्र लागलं की कुणालाच वेळ नसतो.